मुक्कामाचा दिवस



ज्येष्ठ जवळ आला, की तुमच्यापैकी पुष्कळांचे पहाटेचे चालणे सुरू झालेले असते. कोणी गावाबाहेरच्या देवळापर्यंत जाऊन येतो, कोणी कॅनॉलच्या कडेने चालतो, कोणी जिना चढतो-उतरतो. पायांना सवय व्हावी, दिवे घाटात धाप लागू नये, दिंडीत आपल्यामुळे कोणाचा खोळंबा होऊ नये, एवढीच त्यामागची इच्छा. ही इच्छा चांगलीच आहे. तिच्यापायी मी माझी पहिली वारी कशी घालवली ते आज सांगतो. सांगताना थोडी लाज वाटते, पण यंदा नव्याने निघणाऱ्या एखाद्याचा पाय वाचला तर लाज कामी आली म्हणायचे.

आमच्या घरची वारी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. सत्तावीस वर्षे ते आळंदीहून माउलींबरोबर पंढरपूरला चालत गेले. मी साताऱ्यात किराणा दुकान चालवतो. दिवसभर गल्ल्यावर बसून असतो, आणि दुकान कोण बघणार, या सबबीवर मी पन्नाशी ओलांडली तरी वारीला गेलो नव्हतो. मग आप्पांचे गुडघे थकले. एका संध्याकाळी त्यांनी खुंटीवरचे टाळ काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, “आता हे तू ने.” एवढेच. मला नाही म्हणता आले नाही, म्हणायचेही नव्हते.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मी चालायला लागलो. आधी घरापासून अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत, मग अर्धा गड, मग पूर्ण गड. महिन्याभरात पँट सैल झाली, झोप गाढ लागू लागली. गिऱ्हाईके म्हणू लागली, “शेट, बारीक झालात.” इथवर सगळे ठीक होते. घोळ पुढे झाला. मी दुकानातल्या कॅलेंडरवर रोज एक खूण करू लागलो आणि त्या खुणांची मला चटक लागली. एकही घर मोकळे राहता कामा नये! ताप आला त्या दिवशीही गेलो. लग्नाला कोल्हापूरला गेलो, तिथे पहाटे चारला उठून रंकाळ्याभोवती फिरून आलो. एप्रिलच्या शेवटी मुलाने सांगितले, की पाठीवर वजन घेऊन चालले तर ताकद लवकर येते. दुसऱ्याच दिवशी मी पिशवीत दहा किलो तांदूळ भरले आणि गड चढलो. पुढे रोज तसाच. आमच्यात हरिपाठाचा नेम असतो, काकड्याचा असतो. मला वाटे, हाही नेमच आहे, आणि नेमात खाडा म्हणजे पाप.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या मागे, दुखायला लागले. चालायला लागले की दुखे, बसले की थांबे. मी बाम चोळला. मग मेडिकलमधून गोळ्या आणल्या. गोळी घेतली की दुखणे कळत नसे, आणि कळत नाही म्हणजे नाहीच, असे मी धरून चाललो. आप्पांनी दोनदा विचारले, “पाय टेकवताना तोंड वाकडे का करतोस?” मी म्हणालो, “चप्पल नवी आहे.”

आळंदीहून निघालो तेव्हा खिशात त्या गोळ्यांची पाकिटे होती.

पुण्यात पालखीचा दोन रात्री मुक्काम असतो, मधला एक दिवस मोकळा. आमच्या दिंडीतली मंडळी त्या दिवशी कपडे धुऊन, जेवून आडवी झाली. मी नातेवाइकांना भेटायला कोथरूडला पायी जाऊन आलो. एकादशीला उपास करून दिवे घाट चढलो. पुणे ते सासवड हा साऱ्या वाटेतला मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वरचा. पाऊल सुजले होते, पण माउलींचा रथ, बैलजोड्या, घाटाच्या वळणावळणावर पताकांची रांग, हे सगळे पाहताना पावलाकडे कोणाचे लक्ष जाते? सासवडला सोपानकाकांच्या पायी डोके ठेवले. पालखी तिथेही दुसरा दिवस थांबते. द्वादशीचे पारणे झाले, आणि पुन्हा सगळी दिंडी तंबूत पाय पसरून पडली. आमचे विणेकरी सत्तरीचे. ते गाठोड्यावर टाचा ठेवून, तोंडावर उपरणे घेऊन झोपले होते. मला मनातून हसू आले. खरे सांगायचे तर हसू नव्हे, तुच्छता होती. हे काय, वारीला आलेत की झोपायला? मी एकटाच निघालो, संगमेश्वराला गेलो, चांगावटेश्वराला गेलो. तिसऱ्या प्रहरी परतलो तर सगळे ताजेतवाने होऊन भजनाला बसले होते आणि मला टाळ धरून उभे राहवेना.

दुसऱ्या दिवशी जेजुरी गाठली आणि संध्याकाळी खंडोबाच्या पायऱ्याही चढलो. पहाटे उठलो तो उजवे पाऊल जमिनीला टेकेना. वाल्ह्यापर्यंत दिंडीच्या ट्रकमध्ये, भांड्यांच्या आणि शिध्याच्या पोत्यांमध्ये बसून गेलो. तिथून मुलगा गाडी घेऊन आला. निघताना विणेकरीबाबांनी माझ्याकडून टाळ मागून घेतले. “आप्पांचे आहेत, ते पंढरीला पोचतील, काळजी करू नका,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी माउलींच्या पादुकांचे नीरास्नान होते. मी तेव्हा साताऱ्यात दवाखान्यात, एक्स-रेच्या टेबलावर.

पावलातल्या लांब हाडाला चीर गेली होती. डॉक्टरांनी सांगितले, की पडून किंवा आपटून मोडते तसे हे मोडणे नाही. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाड थकून चिरते. पलटणीतल्या नव्या शिपायांत हे फार दिसते. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांची सुजलेली पावले पाहून ते पहिल्यांदा लिहून ठेवले. त्या वेळी एक्स-रे नव्हता. आत हाड चिरलेले असते हे पुढे कळले. आजही पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही. माझे दुखणे त्याहून जुने होते म्हणून दिसले.

मी त्यांना म्हणालो, “पण मी तर तीन महिने तयारी केली होती. एक दिवस चुकवला नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच.” मग त्यांनी जे सांगितले ते माझ्या मनात इतके बसले आहे, की तुम्हालाही सांगतो. हाड म्हणजे दगड नाही, ते जिवंत असते. भार वाढला, की शरीर त्या हाडाची डागडुजी काढते. आपण भिंतीची करतो तशीच: आधी जुने खरवडायचे, मग नवे भरायचे. खरवडण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत होते. भरण्याला महिने लागतात. म्हणजे नवा भार घेतल्यावर तीन-चार आठवड्यांनी हाड पहिल्यापेक्षा थोडे कच्चेच असते. तेव्हा सवड दिली तर ते भरून पक्के होते; त्याच वेळी रोज दहा किलो तांदूळ लादले तर चिरते. मी बोटांवर हिशेब केला. पिशवी पाठीवर घेतली एप्रिलच्या अखेरीस, पाय दुखू लागला मेच्या शेवटच्या आठवड्यात. दिवसाला दिवस जुळला.

स्नायूंचेही तसेच. उताराला पाय अधिक दुखतात हे तुम्ही अनुभवले असेल. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यात त्याचे बारीक तंतू उसवतात. ते दुखणे दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी जास्त जाणवते, मग कमी होते आणि सांधलेला तंतू आधीपेक्षा भार सोसतो. चालण्यासाठी स्नायूंत जी साखर साठवलेली असते ती लांब चालीत संपत येते. ती पुन्हा भरायला पोटभर भाकरी-भात आणि साधारण एक दिवस लागतो. म्हणजे ताकद चालताना येत नाही. चालताना फक्त मागणी नोंदवली जाते; माल येतो तो आपण खाऊन झोपलेले असताना. मी दुकानदार, मला ही भाषा लगेच कळली. तीन महिने मी नुसत्या मागण्या नोंदवत होतो आणि माल उतरवून घ्यायला दारच उघडत नव्हतो.

घरी आलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसले होते. मला वाटले होते, रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी वाटेतला एकेक मुक्काम विचारला, तिथे मी काय केले ते विचारले. पुण्याचे सांगितले, सासवडचे सांगितले. ऐकून म्हणाले, “म्हणजे तू चाललास, पण मुक्काम केलाच नाहीस. वारीत दोन्ही असते.” थोड्या वेळाने म्हणाले, “चालत नाही जमले तर नाही. गाडीने जा, पण यंदा प्रक्षाळपूजेच्या दिवशी पंढरपुरात राहा.”

प्रक्षाळपूजा तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. मला तेव्हा नावापलीकडे माहीत नव्हती, कारण बहुतेक वारकरी गोपाळपुरातला काला करून परततात आणि ही पूजा त्यानंतर काही दिवसांनी असते. आषाढीची यात्रा जवळ आली, की चांगला दिवस पाहून देवाचा पलंग शेजघरातून बाहेर काढतात. त्या दिवसापासून देव झोपत नाही. काकडा, शेजारती बंद. रात्रंदिवस दर्शन चालू. उभ्या उभ्या देवाला थकवा येईल म्हणून विठुरायाच्या पाठीशी मऊ लोड ठेवतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. यात्रा सरली, गर्दी ओसरली, की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, सगळा गाभारा धुतात आणि पलंग परत आत नेतात. रात्री शेजारतीच्या वेळी देवाला औषधी काढा देतात, शिणवटा जावा म्हणून. दुसऱ्या दिवसापासून देवाचे रोजचे उपचार पुन्हा सुरू होतात.

मी त्या दिवशी काठी टेकत रांगेतून गेलो. चरणांवर डोके ठेवले तेव्हा दगडाला लिंबाचा वास आला, किंवा मला तसे वाटले. अठ्ठावीस युगे उभा असलेला देव आणि त्याचे पाय चोळणारी माणसे. मला भाविकतेचे मोठे बोलणे जमत नाही. पण गाभाऱ्याबाहेर खांबाला टेकून बसलो तेव्हा सासवडच्या तंबूत तोंडावर उपरणे घेऊन झोपलेले विणेकरीबाबा डोळ्यांपुढे आले, आणि मी त्यांना मनात काय म्हणालो होतो तेही आठवले.

टाळ त्याआधीच घरी आले होते. दिंडीबरोबर वारी करून, चंद्रभागेत धुऊन. मीच तेवढा राहिलो होतो.

पुढच्या खेपेला मी काय बदलले ते थोडक्यात सांगतो, कारण काहीजण तेच विचारतात. हाड भरेपर्यंत, म्हणजे दीडएक महिना, गड बंद. नंतर सुरुवात पुन्हा सपाटीवरून. आठवड्यात चालायचे दिवस पाच, त्यातही लांब चाल एकच आणि तिच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी. एकादशीला उपास असतो, म्हणून त्या दिवशी मोठी चाल ठेवायची नाही. नुसते देवळापर्यंत जायचे आणि भजनाला बसायचे. चाल वाढवायची तर थोडी थोडी, आणि दर चौथ्या आठवड्यात ती निम्म्यावर आणायची. हे निम्मे चालणे मला पूर्ण चालण्यापेक्षा अवघड गेले. पाय म्हणत चल, आणि मी कॅलेंडरकडे पाहत घरी बसलेला! पण त्या मोकळ्या घरांवरही मी आता खूण करतो. चालीच्या दिवशी उभी रेघ, विसाव्याच्या दिवशी गोल. दोन्ही नेमातच धरतो. आळंदीला निघण्याआधीचे दहा दिवस तर जवळजवळ गोलच होते.

सकाळी अंथरुणातच मनगटावर बोटे ठेवून मिनिटभर ठोके मोजतो. माझे साधारण ६६-६८ भरतात. एखाद्या सकाळी ते आठ-दहाने जास्त भरले, की आधीचा शीण गेलेला नाही किंवा आजारपण येऊ घातले आहे असे समजून त्या दिवशी आवरते घेतो. आणि दुखण्यातला फरक ओळखायला शिकलो. दोन्ही पोटऱ्या सारख्याच जड झाल्या असतील तर हळूहळू चालावे, त्याने बरेच वाटते; नुसते पडून राहिले तर अंग आणखी आंबते. पण एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल आणि पावलागणिक वाढत असेल, तर माउली, तिथे थांबा. गोळी घेऊन चालू नका. मी चाललो आहे.

आता दुसऱ्या वारीकडे येतो. पंढरपूरपर्यंत चालत गेलो. चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण पाहिले, वाखरी पाहिली, इसबावीचा विसावा पाहिला. त्याचे वर्णन करत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चालता चालता एक मात्र ध्यानात आले, जे पहिल्या खेपेला दिसलेच नव्हते. माउलींच्या वाटेची घडणच कशी आहे पाहा. आळंदी-पुणे मोठी चाल, मग एक दिवस थांबा. घाट, मग एक दिवस थांबा. जेजुरी, वाल्हे हे टप्पे लहान. लोणंदला पुन्हा थांबा, आणि तिथून तरडगाव अवघे आठेक किलोमीटर. मधले फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस हे टप्पे लांब, आणि शेवटी वाखरी-पंढरपूर इतके जवळ, की पाय मोकळे होऊन देवापुढे उभे राहावेत. शिवाय रोज दुपारचा विसावा. हे कोणी शरीरशास्त्र वाचून आखले असे माझे म्हणणे नाही. तिथी, गावे, पाणी, तळाला पुरेशी जागा, असे पाहतच ते बसत गेले असणार. पण लाखो पावले इतकी वर्षे त्या वाटेने सुखरूप जातात, ती या थांबण्यांसकट जातात.

त्या वर्षी सासवडला द्वादशीच्या दिवशी काय झाले ते सांगतो. पारणे झाले होते. वरण, भात, भाजी, पोळी, असे सगळे पोटभर. पाय ऊन पाण्यात मीठ घालून शेकले, तिळाचे तेल चोळले. विणेकरीबाबा शेजारच्याच सतरंजीवर होते. मी त्यांना मागच्या वर्षीची गोष्ट सांगितली, त्यांच्याविषयी मनात काय आले होते तेही सांगितले. ते हसले आणि म्हणाले, “पहिल्या वारीत मी दोन दिवस ट्रकमध्ये होतो. तुमच्या आप्पांनीच बसवले होते.” हे आप्पांनी मला कधी सांगितले नव्हते.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. मी गाठोडे ओढून त्यावर टाचा ठेवल्या. इतक्यात फोन वाजला. आप्पा होते.

“कुठे आहेस?”

“सासवडला. तंबूत.”

“काय करतोयस?”

“आडवा झालोय.”

पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाले, “बरं. झोप,” आणि फोन ठेवला. मी उपरणे तोंडावर ओढून घेतले.